जिभेखालची दहा मिनिटं

मोठा सरकारी दवाखाना, हैदराबाद
११ जानेवारी २०२५

आणि मी पळालो नव्हतो, अक्का. किती वेळा सांगू? पळायला दोन पाय लागतात, माझा एकच चालू आहे. गौतमदादा काय काय सांगतो आणि तू सगळं खरं धरतीस. सख्खा चुलत भाऊ, काचीगुडा स्टेशनवर पार्सलं उचलतो, दर शनिवारी गाडीत बसून धर्माबादला येतो, आणि रिकाम्या डब्याबरोबर माझ्या चहाड्या पण आणतो. मी नोव्हेंबरात दवाखान्यातून निघालो ते काम बुडत होतं म्हणून. डिसेंबरात निघालो ते इथला वास सहन होईना म्हणून. याला पळणं म्हणतात का?

जय भीम लिहायचं राहिलं. जय भीम. मायला पण सांग.

आता पायाचं ऐक. कुकटपल्लीच्या शेडमध्ये पत्र्याची थप्पी नडगीवर पडली, हाड मोडलं, आत सळई घातली, इथपर्यंत तुला माहीत आहे. आता त्या हाडात पू झालाय. मोठे डॉक्टर सकाळी दहा शिकाऊ पोरं मागे घेऊन आले. त्यांना तेलुगूत काय काय समजावलं, मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाले, सहा आठवडे इथंच पडून राहायचं, रोज शिरेतून औषध. दोनदा गेलास. तिसऱ्यांदा गेलास तर परत येशील तेव्हा गुडघ्याखाली वाचवायला काही उरणार नाही. असं बोलतात, जसं काही दुकानातला माल संपणार आहे.

मला ताप आहे. तापच असेल. थंडी वाजते आणि घाम पण येतो, नाक गळतं, पोटात पीळ पडतो, पाय एका जागी ठरत नाहीत. उशीवर वही ठेवून लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, दुसरं काही नाही.

एक गोष्ट मात्र तुला आवडेल. इथं पद्मावती मॅडम म्हणून डॉक्टर येतात. हाडाच्या नाही, नशा सोडवायच्या. त्या म्हणाल्या, जिभेखाली ठेवायची एक गोळी देते, तलफ बसेल, इथं टिकशील. मी तोंडावर सांगितलं, नक्को. दसऱ्याला विहारात, अक्कासमोर, पंचशील म्हणून शपथ घेतलीय आणि कागदावर सही केलीय, की तसली कसलीच गोळी तोंडात घालणार नाही. बघ. एवढं तरी मान.

फळं खायला सांगितलीत. गौतमदादाजवळ पाचशे रुपये पाठव.

मिलिंद


धर्माबाद
१२ जानेवारी २०२५

मिलिंद,

जय भीम. तुझं पत्र मी शेवटून वाचायला घेतलं, कारण तुझ्या पत्राचा मतलब शेवटच्या ओळीत असतो. दसऱ्यापासून सहा पत्रं आली, सहाही पैशावर संपली. फोन करू नको, कागदावर लिही, असं मीच सांगितलं होतं. फोनवर तुझा आवाज लोण्यासारखा होतो आणि मी फसते. कागदावर तुला तेवढं जमत नाही.

पैसे पाठवत नाही. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि सहा पेरू पाठवलेत. फळं म्हणालास ना.

अक्षर बघून मात्र जीव घाबरला. चौथीत असताना तुझी वही बाईंनी सगळ्या वर्गात फिरवली होती. सहावीत शाळा सुटली, अक्षर नव्हतं सुटलं. आता मुंग्या शाईत बुडून वाट फुटेल तिकडे गेल्यासारखं दिसतंय. उशीचं कारण मला सांगू नको.

पण गोळीला नाही म्हणालास, ते वाचून मी मायला हाक मारली आणि ती ओळ दोनदा वाचून दाखवली. शाब्बास. ठेकेदाराच्या माणसाने कमर दुखते का, घे, म्हणून पहिली कॅप्सूल दिली तेव्हा तिलाही औषधच म्हणत होते. मग डबल ड्यूटीसाठी एक, सकाळी उठायला एक, शेवटी नुसतं माणसांत बसायला एक. हे तूच मला दसऱ्याच्या आदल्या दिवशी रडत सांगितलंस. आता डॉक्टर देतात म्हणून दुसरी धरायची? अंगावर काढ. दात आवळ आणि काढ.

विहारातल्या फळ्यावर गेल्या जयंतीच्या वर्गणीची यादी अजून तशीच आहे. सगळ्यांच्या नावापुढे आकडा आहे. तू देतो देतो म्हणालास म्हणून शंकरराव गुरुजींनी तुझं नाव लिहून पुढे जागा सोडली होती. ती अजून कोरी आहे. दर रविवारी झाडताना मी तिच्याकडे बघायचं टाळते. आता टाळणार नाही.

माय बरी आहे. सकाळची साखरेची सुई देऊनच मी अंगणवाडीत जाते.

सुमेधा


हैदराबाद
१८ जानेवारी २०२५

अक्का,

जय भीम. ठेचा पोचला. वार्डात त्याचा इतका बोभाटा झाला की सिस्टर विचारत आली, काय जळतंय.

मी बरा आहे. बुधवारपासून झोप लागते. घाम थांबला. जेवण जातं. इथला पप्पू-भात, म्हणजे आपलं वरण-भातच, तो पण गोड लागतोय म्हणजे बघ. शिरेतलं औषध वेळेवर चालू आहे, एकही चुकलं नाही.

शेजारच्या खाटेवर गफूर चाचा आहेत. जुन्या शहरात त्यांची बेकरी होती, खुब्याचं हाड मोडून पडलेत. दिवसभर बडबड. मला म्हणतात, “क्या रे पोट्टे, परसों तक तो तू मछली के माफक तडप रा था, आज मेरी बी रोटी खा गया?” मी म्हणालो, चाचा, ठेचा तुम्ही संपवला, रोटी मी संपवली, हिसाब बरोबर.

पायातून पू कमी झालाय. फळं नको पाठवू. पैसे पण नको.

मिलिंद


धर्माबाद
१९ जानेवारी २०२५

माझ्या मिलिंदा,

जय भीम. पाकीट उघडलं आणि अक्षर बघितलं. वळण परत आलंय! वेलांटी वर जाऊन थांबते, पूर्वीसारखी. मी पहिलं पत्र आणि हे पत्र शेजारी ठेवून मायला दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण बोट फिरवून म्हणाली, हे पोरगं निजून उठलेलं दिसतंय.

ही तुझ्या शपथेची ताकद आहे. गोळी नाकारलीस, तीन दिवस अंगावर काढलेस, आणि जिंकलास. आज वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. ठेच्याच्या ओळीला हसले सगळे. शंकरराव गुरुजी म्हणाले, पोरांनो, याला म्हणतात शील. तुझं उदाहरण देऊन ते अर्धा तास बोलले. त्रिवेणीकाकू तर डोळे पुसत होत्या, त्यांच्या परागचं तुला माहीतच आहे.

एवढ्या दिवसांनी मी मान वर करून घरी आले. अजून पाच आठवडे. असाच राहा.

तुझी अक्का


हैदराबाद
२५ जानेवारी २०२५

अक्का,

जय भीम. तुझं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं होतं. गफूर चाचांनी विचारलं, मौत का खत है क्या. मी म्हणालो, नाही, शाबासकीचं आहे. ते म्हणाले, “फिर मुंह कायकू उतरा?”

आता बसून ऐक. मायला शेजारी घेऊ नको.

मी गोळी घेतोय. पंधरा तारखेपासून. पद्मावती मॅडमची, जिभेखालची, रोज. अक्षर शपथेने सरळ झालं नाही, त्या गोळीने झालं.

आणि शपथ मी दिवाळीपर्यंतच पाळली होती. एकोणीस दिवस. पुढे पाळली नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा उशीच्या खोळीत चार कॅप्सूल होत्या. मोजून मोजून खात होतो, म्हणून घाम येत होता. तो ताप नव्हता. फळांचे पाचशे पुढच्या कॅप्सूलसाठी होते. आधी दोनदा निघालो ते पण त्यासाठीच. काम नाही, वास नाही. तू पळालास म्हणालीस ते खरं होतं.

चौदा तारखेला दुपारी जेवणाची गाडी आली, सिस्टर तिकडे गेली. मी वॉकर ओढला, शर्ट घातला. गफूर चाचांनी एक डोळा उघडला.

“कां जारा रे?”

“हवा खाने कू.”

“जा. पण पांव इधरच रख के जा. बडे साब कू कल काटने कू आसान पडता.”

सगळा वार्ड हसला. मला इतका राग आला की मी परत खाली बसलो. आणि तेवढ्यात मॅडम आल्या. शर्ट बघितला, वॉकर बघितला. स्टूल ओढून बसल्या. त्या हिंदीत बोलतात, तेलुगू चालीवर, सावकाश. म्हणाल्या, शपथ कुणी घ्यायला लावली? मी म्हणालो, मोठ्या बहिणीने. म्हणाल्या, चांगली बहीण आहे, तिला हे औषध माहीत नाही एवढंच. आता मला एक सांग, शेवटची कॅप्सूल कधी घेतलीस? बरोबर काय ते नको सांगू, खरं काय ते सांग. ती अंगात असताना मी ही दिली तर उलटी होऊन इतका आजारी पडशील की मलाच शिव्या घालशील.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, सवयीने. मग म्हणालो, सकाळी सहाला. आणि अजून एक आहे. खोळ उचकून ती त्यांच्या हातावर ठेवली. अक्का, आजवर मी कुणाच्या हातावर कॅप्सूल ठेवली नव्हती.

त्या म्हणाल्या, मग आज नाही. उद्या सकाळी, अंगावर काटा आला की. रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी त्यांनी एक कागद काढला, नाडी मोजली, डोळे बघितले, जांभया मोजल्या. मग गोळी जिभेखाली. दहा मिनिटं बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, विरघळू द्यायची. कडू. मी आणि दहा मिनिटं गप्प! चाचा म्हणाले, डॉक्टरनी आज मोठी करामत केली.

तासाभरात पोटातला पीळ सुटला. मी झिंगेची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. ती आली नाही. भूक आली. पाय दुखत होता, पण नुस्ता पायच दुखत होता. मी दुखत नव्हतो.

मायला तू रोज सुई देतीस तशीच ही आहे, असं मॅडम म्हणतात. विहारात जाऊन सांग की मिलिंद खोटा निघाला. पण मी आता तुझ्याशी तरी खरा आहे.

मिलिंद


धर्माबाद
२६ जानेवारी २०२५

मिलिंद,

मायशी स्वतःची बरोबरी करू नको. तिने साखरेसाठी कुणाला फसवलं नाही. कुणाकडे फळांचे पैसे मागितले नाहीत.

मी पन्नास माणसांसमोर उभं राहून तुझं खोटं वाचलं. गुरुजींनी त्यावर प्रवचन दिलं. आता मी कुठल्या तोंडाने तिथे झाडू मारू?

एका गोळीतून दुसऱ्या गोळीत गेलास आणि त्याला बरं होणं म्हणतोस. आजपासून ती बंद कर. बंद करशील तर लिही. नाहीतर गौतमदादाजवळ काही देऊ नको, मी घेणार नाही.

सुमेधा


हैदराबाद
गुरुवार, ३० जानेवारी

अक्का बंद केली. सोमवारी पत्र आलं तेव्हापासून. मॅडमला म्हणालो मला नको. त्या म्हणाल्या तुझी मर्जी पण पाय कुठे नेऊ नको. आज तिसरा दिवस चौथा. तुझ्यासाठी केली. हात बघ कसा चालतोय. नाक गळून कागद ओला झाला तो डाग तोच आहे रडलो नाही. दात आवळलेत. तू म्हणालीस तसे. डोक्यात एकच चाललंय कुकटपल्ली कुकटपल्ली. शिरेतली सुई मीच काढली. रागावू नको. मी जरा


शनिवार, १ फेब्रुवारी

अक्का, हा तोच कागद आहे. फेकणार होतो, नाही फेकला. वरचं अर्धं तसंच राहू दे.

‘मी जरा’ लिहून मी उठलो होतो. वॉकर घेतला आणि फाटकापर्यंत गेलो. चाचा झोपले होते, यावेळी हसायला कुणी नव्हतं. फाटकाबाहेर रिक्षा. रिक्षावाला म्हणाला, कहां? मी म्हणालो, कुकटपल्ली. तो म्हणाला, घर? कुकटपल्लीला माझं घर नाही. या पायाने कामही नाही. तिथं आता माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे, ठेकेदाराचा तो. मी एक पाय रिक्षात ठेवून उभा होतो, आणि दुसऱ्या पायाच्या पट्टीतून खाली टपकत होतं.

मी मनात म्हणालो, अक्कासाठी गोळी बंद केली आणि अक्कासाठीच पाय कापून घ्यायला निघालो. हे अक्काला कोण सांगणार? गौतमदादा? तो तर डब्यात घालून आणेल.

पाय काढून घेतला. रिक्षावाला शिव्या देऊन गेला. आणि मी वळलो. फाटकापासून वार्ड तीनशे पावलं आहे, मी मोजली. प्रत्येक पावलाला घाम. आजवर या दवाखान्यात मला लोकांनी उचलून आणलं होतं, तीनही वेळा. पहिल्यांदा मी माझ्या पायाने आत आलो.

मॅडम दारातच होत्या. मला शोधायला माणूस पाठवत होत्या. म्हणाल्या, “आ गये?” मी म्हणालो, आलो. म्हणाल्या, “बैठो.” एवढंच. सिस्टरने सुई परत लावली, ती मात्र लई बोलली, तेलुगूत, कळलं नाही ते बरं झालं. आणि मी स्वतः तोंड उघडलं, जीभ वर केली.

म्हणून आता तुला लिहितो. मी ही गोळी बंद करणार नाही. तू रुस. शपथ मोडली म्हण. पत्र घेऊ नको, मी तरी लिहीन, गौतमदादा तुझ्या उंबऱ्यावर ठेवून येईल. पाय आणि मी दोघं राहू आणि तुझा रुसवा काढत बसू. मेल्यावर तो पण काढता येत नाही.

मिलिंद


धर्माबाद
९ फेब्रुवारी २०२५

मिलिंदा,

जय भीम. पत्र उंबऱ्यावर पाच दिवस पडून होतं. मी त्याच्यावरून ये-जा करत होते. शुक्रवारी मायने ते उचललं. तिला वाचता येत नाही, पण ती कागद उजेडात धरून बघत बसली आणि मग मला म्हणाली, सुमे, हे दोन माणसांनी कामून लिहिलंय?

तेव्हा मी बघितलं.

वरचं अर्धं, मुंग्या शाईत बुडालेल्या. खालचं अर्धं, चौथीतली वही. मधे ‘मी जरा’. मी वाचलं नव्हतं अजून, नुसतं बघितलं, आणि उंबऱ्यावरच बसले. वर शपथ पाळणारा मिलिंद होता. खाली औषध घेणारा. मला कुठला भाऊ हवा होता, ते मायने विचारायचीही गरज नव्हती. मी एवढ्या अंगणवाडीतल्या लेकरांना डोस पाजते, नाक दाबून पाजते, आणि मपल्या भावाचं औषध तोडायला मी पत्र लिहिलं होतं, बंद कर म्हणून. तू बंद केलंस. माझं ऐकलंस म्हणून फाटकापर्यंत गेलास. हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

शनिवारी इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, घाईने सोडू देऊ नका, वर्ष लागेल, जास्तही लागेल. मी मान हलवून ऐकलं.

मग आज. वंदना झाली आणि मी उभी राहिले. म्हणाले, मागच्या वेळी मी जे वाचलं ते अर्धं होतं, आज पुरतं वाचते. तुझं पंचवीस तारखेचं वाचलं, कॅप्सूल, फळांचे पैसे, सगळं. मग तो दोन हातांचा कागद फिरवला. पन्नास माणसांच्या हातातून गेला. शंकरराव गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “अगं पण सुमेधा, मग शपथेचं काय?”

मी म्हणाले, “शपथ त्याने स्वतःहून घेतली नव्हती गुरुजी. मी घ्यायला लावली होती. माझी होती, मीच सोडवते.”

गुरुजींनी चष्मा परत काढला. मग म्हणाले, “मग मागचं प्रवचन मला परत घ्यावं लागेल.” आणि घेतलं, बरं का! उभं राहून. म्हणाले, भान हरवणारं ते सोडायचं असतं, भान परत आणणारं सोडायचं नसतं, एवढं मला या वयात एका सहावी शिकलेल्या पोराने शिकवलं. तुझं नाव घेऊन म्हणाले.

बाहेर चपला घालताना त्रिवेणीकाकू शेजारी आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “ती जिभेखालची गोळी नुसती हैदराबादलाच मिळते का गं? आमचा पराग आता घरातली भांडी विकायला लागलाय.” मी म्हणाले, गौतमदादाबरोबर पाठवा, मिलिंद आहे तिथं.

मिलिंद आहे तिथं. हे वाक्य मी आजवर तोंडातून काढलं नव्हतं.

तू सही केलेला शपथेचा कागद सोबत पाठवतेय. त्याचं काय करायचं ते तू ठरव. ठेचा दोन डबे. एक गफूर चाचांना दे, त्यांना सांग अक्काने सलाम सांगितलाय.

गोळी चुकवू नको.

तुझी अक्का


काचीगुडा, हैदराबाद
५ एप्रिल २०२५

अक्का,

जय भीम. कागद उलटून बघ. हो, तोच. शपथेचा. पाठीमागची बाजू कोरी होती, कामून वाया घालवायची? पुढे तुझं अक्षर आहे आणि माझी ती वाकडी सही. मागे हे.

मधे छोट्या चिठ्ठ्या पाठवल्या, पण सगळं सांगायला हात रिकामा नव्हता. आता सलग सांगतो.

सहा आठवडे पुरे झाले. एकही दिवस चुकला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी मोठे डॉक्टर ती दहा पोरं घेऊन आले, नडगी दाबून बघितली, फोटो उजेडाला धरला आणि त्यांना तेलुगूत काही म्हणाले. पोरं माझ्याकडे बघून हसली. मी सिस्टरला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, “पाय त्याचा आहे, त्याला देऊन टाका म्हणाले.” त्या दिवशी मी खाली उतरलो आणि कुबडी न घेता खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. गफूर चाचांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या वार्डाने. चाचा ओरडले, “देखो, अपना पांव साथ लेके जारा पोट्टा!”

आता मी गौतमदादाच्या खोलीवर आहे. तो घोरतो. ही चहाडी मी तुझ्याकडे करतोय, हिसाब बरोबर.

रोज सकाळी मॅडमच्या केंद्रावर जातो, जिभेखाली गोळी, दहा मिनिटं बाकावर गप्प. त्या बाकावर आठ-दहा जण असतो. सगळे गप्प, सगळे सरळ बसलेले, जसं काही परिपाठ चाललाय. एक तर सूटबूटवाला असतो. कुणी कुणाला विचारत नाही. मॅडम म्हणतात, असाच नीट राहिलास तर पुढे आठवड्याची घरी नेता येईल. सोडायचं कधी, ते त्या आणि मी मिळून ठरवू. मला घाई नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाची घाई नाही.

कुकटपल्लीला गेलो नाही. तारनाक्याला, मोठ्या विद्यापीठाजवळ, एका बायंडिंगच्या दुकानात लागलोय. बसून काम. पोरं-पोरी जाडजूड प्रबंध आणून देतात, मी पानं जुळवतो, शिवतो, पुठ्ठा चढवतो, आणि पाठीवर सोनेरी अक्षरं उठवतो. मालकाने पहिल्या दिवशी एक रेघ मारून दाखवायला सांगितली. मी मारली. तो म्हणाला, हात चांगला स्थिर आहे तुझा, आधी कुठे होतास? मी म्हणालो, दवाखान्यात. तो म्हणाला, पेशंट की कामाला? मी म्हणालो, दोन्ही.

खोटं नाही ते. पराग आला त्याचं सांगतो. गौतमदादाने त्याला गाडीतून उतरवलं तेव्हा तो डब्याची दांडी सोडायला तयार नव्हता. मी त्याला मॅडमकडे नेलं. मॅडमनी विचारलं, शेवटची कधी घेतली? तो म्हणाला, परवा. मी त्याच्या कानात म्हणालो, पऱ्या, मी पण असंच तोंड उघडलं होतं. खरं सांग, नाहीतर तुझंच अंग तुला उघडं पाडेल. तो मला एक शिवी देऊन म्हणाला, आज सकाळी, गाडीत. मॅडम हसल्या. दुसऱ्या दिवशी सुरू केली. आज विसावा दिवस आहे. त्रिवेणीकाकूंना सांग, तो सध्या माझ्या वाटणीचा भात खातो आणि वर मीठ कमी आहे म्हणतो.

जयंतीला नऊ दिवस आहेत. आम्ही दोघं गौतमदादाबरोबर येतोय. मिरवणुकीत मी चालणार आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मायला सांग ओट्यावर खुर्ची टाकून बस आणि माझे दोन्ही पाय मोज. थोडा लंगडतो, ते राहील म्हणतात. राहू दे. माझी चाल लांबून ओळखू येईल.

आणि तो फळा पुसायच्या आधी गुरुजींना सांग, गेल्या वर्षीची माझी कोरी जागा पुसू नका, भरा. पहिल्या पगारातले आहेत, गौतमदादाजवळ पाकिटात दिलेत. खडू तू हातात घे, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. लिही: मिलिंद कोंडाबाई कांबळे, हैदराबाद, पाचशे एक रुपये.